वरचा पसा

सकाळचे नऊ वाजले असतील. मुरुमटोल्यातल्या इंदुताई नैताम अंगणात बसून मोहाखाली बांधायच्या जाळ्यांच्या घड्या घालत होत्या. तेवढ्यात नागपूरहून ज्योत्स्नाचा फोन आला आणि दोन मिनिटांत बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. माल अडला होता. चारशे डबे, दोन टन वाळलेली मोहफुलं, अख्ख्या गावाचा उन्हाळा नागपूरच्या कंटेनर डेपोतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसला होता. कशापायी, तर म्हणे वजन जास्त भरलं.

कमी भरलं असतं तर इंदुताईंना समजलं असतं. कमी भरणाऱ्याचं तोंड काळं व्हावं, यात काही वावगं नाही. पण जास्त भरलं म्हणून कोणी माल अडवतो, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी ज्योत्स्नाला तीनदा तेच विचारलं आणि तिनं तीनदा तेच सांगितलं. ज्योत्स्ना ही लहान लहान गटांचा माल परदेशी धाडायला मदत करणाऱ्या संस्थेत कामाला. पोरगी शांत डोक्याची, पण आज तीही भराभर बोलत होती.

प्रकार असा होता. प्रत्येक डब्यावर आणि प्रत्येक कागदावर पाच किलो लिहिलेलं. तपासणाऱ्या साहेबानं दहा डबे फोडले. एक निघाला पाच किलो साठ ग्रॅम, दुसरा पाच किलो एकशे दहा, तिसरा आणखी काही. एकाचं दुसऱ्याशी जुळेना. साहेब म्हणाला, वजन खोटं लिहिता, तर बाकी काय खरं धरायचं? कंटेनर काही एकट्या मुरुमटोल्याचा नव्हता. त्यात कोणाचा तांदूळ होता, कोणाची हळद, आणि ह्यांचा फक्त एक कोपरा. उद्या दुपारी चारला तो बंद होऊन रेल्वेवर चढणार, तिथून मुंबईला, मग जहाजात. तोवर चारशेच्या चारशे डबे बरोबर करून द्या, नाही तर तो कोपरा दुसऱ्याला जाईल. आणि माल घेणाऱ्या हॉलंडच्या कंपनीनं सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की पहिला माल तारखेला पोचला तर पुढचं बोलू, नाही तर नाही.

ह्या मालासाठी शब्द इंदुताईंनी टाकला होता. बेचाळीस घरांत त्या स्वतः फिरल्या होत्या. दरवर्षी गाव मोहफूल वेचायचं आणि कुरखेड्याच्या गुणवंतरावांच्या दारात नेऊन ओतायचं. ते म्हणतील तो भाव, ते म्हणतील ते माप. यंदा इंदुताई म्हणाल्या, एक वर्ष थांबा. झाडाखालचा पालापाचोळा जाळू नका, जाळी बांधा, फूल मातीला लागू देऊ नका, मचाणावर वाळवा. लोक हसले. मोहाला जाळी बांधतात का कुठं? पण ऐकलं बिचाऱ्यांनी. आता माल परत आला, तर तो गुणवंतरावांच्याच दारात न्यायचा, आणि तोही इंदुताईंनीच न्यायचा. पुढच्या वर्षी गावात एक जाळी बांधली जाणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बाईंचा राग चुलीवरच्या दुधासारखा, वर यायला वेळ लागत नाही. तो आला आणि गेला सरळ रीनावर.

रीना म्हणजे वरोऱ्याकडून दोन वर्षांपूर्वी गावात सून होऊन आलेली पोरगी. बारावी झालेली. तिच्या माहेरी कापूस काट्यावर जातो आणि एकेका आकड्यावरून भांडणं होतात, त्यामुळे काट्यावर तिचा भारी विश्वास. पॅकिंगच्या वेळी काट्यावर तीच होती. डब्यात घालायच्या पिशवीत पाच किलो म्हणजे पाच किलो; दोन फुलं जास्त झाली तर चिमटीनं काढायची. बायका आपसात म्हणायच्या, पोरगी चांगली आहे, पण हात लई आखडता. ह्या कारभाराला कोणी जबाबदार असेल तर रीना आणि तिचा तो विजेवर चालणारा डबडा काटा, हे इंदुताईंनी फोन ठेवता ठेवता ठरवून टाकलं.

बायका समाजमंदिराच्या ओट्यावर जमल्या. इंदुताईंनी रीनाला सगळ्यांसमोर उभं केलं आणि काय नाही ते बोलल्या. तुझ्या शिक्षणापायी गाव बुडालं, काटा बिघडला ते तुले दिसलं नाही का, इथपर्यंत. बायकांनीही री ओढली. रीना एकदाच बोलली. "ताई, रोज सकाळी मी काट्यावर वजनाचा बाट ठेवून पाहत होती. माह्या हातून पाचच किलो गेलं." मग तिचे डोळे भरून आले आणि ती खाली बघत उभी राहिली.

आणि तिथं इंदुताईंना आठवलं.

काट्यावरून उतरलेली पिशवी चार हातांतून फिरून त्यांच्याकडे यायची. पिशवीचं तोंड चिकटवायचं मशीन त्यांच्याकडे होतं. शेजारच्या टोपलीत सांडलवंड झालेली फुलं असायची. पिशवी बंद करायच्या आधी त्यांचा हात आपसूक टोपलीत जायचा आणि चार फुलं आत पडायची. कोणाला काही द्यायचं आणि ते नुसतं मापानं द्यायचं, हे त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. त्यांच्या आईनं कधी काठोकाठ माप दिलं नाही, आजीनं दिलं नाही. शेजारणीला तांदूळ द्या, लेकीच्या सासरी लाखोळीची डाळ धाडा, माप भरून झालं की वर एक पसा पडायचाच. तो वरचा पसा पडला नाही तर दिलेलं मापही जणू पोचत नाही. आणि हा माल तर किती लांब चालला होता. माणसं अनोळखी. ती काय म्हणतील, मुरुमटोल्याच्या बाया चिकट आहेत?

आता खरं सांगायचं तर इंदुताईंनी मनात हिशेबही केला, की हे कोणाला कळणार नाही, काटा बिघडला म्हटलं की भागलं. पण समोर ती पोरगी ओठ दाबून उभी होती. इंदुताईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या खाली ओट्यावरच बसल्या.

"काट्याचं काई चुकलं नाई," त्या म्हणाल्या. "मीच टाकत होती. पिशवी बंद करताना, वरून."

मग कोपऱ्यातून म्हाताऱ्या सीताबाईंनी घसा खाकरला. "टाकलं तं मी बी होतं. मले वाटलं, एकटी मीच टाकून राह्यली."

मग काय, रांगच लागली. पिशवी धरणारीनं टाकलं होतं, टेबलावर ठेवणारीनं टाकलं होतं, लेबल लावणारीनं टाकलं होतं. प्रत्येकीनं दुसरीची नजर चुकवून, रीना रागावेल म्हणून चोरून, थोडं थोडं. कोणाचा हात मोठा, कोणाचा लहान, म्हणून एकाचं दुसऱ्याशी जुळेना. चोरी पकडली जाते हे सगळ्यांना माहीत होतं. देणं पकडलं गेल्याचं हे पहिलंच प्रकरण. एकीला हसू फुटलं, तशा बाकीच्याही हसल्या. रीना मात्र हसली नाही.

हसून भागणार नव्हतं. इंदुताईंनी गावातली टाटा मॅजिक गाडी सांगितली. अकरा बायका, चिकटवायचं मशीन, रीनाचा काटा, फुटतुटीला थोडे कोरे डबे, भाकऱ्यांचं गाठोडं, सगळं कोंबलं आणि वडसामार्गे संध्याकाळी नागपूर गाठलं. ज्योत्स्नाच्या ऑफिसात सतरंज्या टाकून झोपल्या आणि सकाळी आठला डेपोच्या शेडमध्ये हजर झाल्या. हातात आठ तास, समोर चारशे डबे. पिशव्यांची तोंडं लांब ठेवलेली होती, एवढं एक बरं होतं. वरून कापायचं, जास्तीचं काढायचं, वजन करायचं, पुन्हा चिकटवायचं. तासाला पन्नास डबे झाले तर जमणार होतं.

पहिल्या तासाला झाले बावीस.

हात चालेना कोणाचा. कापताना भरभर कापत होत्या, पण काढायची वेळ आली की बोटं अडखळत. आणि दुसरा तास सुरू होतो न होतो तोच सीताबाईंनी कात्री खाली ठेवली ती ठेवलीच. इंदुताई ओरडल्या, घड्याळ दाखवलं, हात जोडले. सीताबाई ढिम्म. अशी सत्तर वर्षांची बाई हट्टाला पेटली की तिच्यापुढं साहेबही हरेल.

"मले नाई जमत, इंदू," त्या शेवटी म्हणाल्या. "दिलेलं कोनी वापस काढते का? त्या लोकाइनं आपलं काय वाईट केलं?"

आणि बाकीच्याही थांबल्या, कारण सगळ्यांच्या मनातलं तेच होतं. इंदुताईंना खूप राग आला, आणि त्याहून जास्त राग ह्याचा आला की म्हातारीचं बोलणं त्यांना पटत होतं. त्या शेडबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. समोर तो कंटेनर दार उघडं टाकून उभा होता. कोणाच्या तांदळाची पोती आत चालली होती. इंदुताईंना वाटलं, ह्या वयात आपण भलत्याच फंदात पडलो. मग त्या परत फिरल्या आणि ज्योत्स्नाला बाजूला घेतलं.

त्यांनी विचारलं ते एवढंच. जास्तीचं काढू, पण घरी न्यायचं नाही. ते वेगळं भरून, नीट मोजून, ह्याच मालासोबत फुकटात धाडता येतं का? कागदावर खरं खरं लिहून? ज्योत्स्ना तशीच कागदपत्रं करणाऱ्या एजंटकडे पळाली. अर्ध्या तासानं आली. नमुन्यादाखल, बिनमोल, असं लिहून धाडता येतं. अट एकच, कागदावर जेवढं वजन लिहाल तेवढंच आत पाहिजे. एक ग्रॅम इकडे नाही, तिकडे नाही. आणि कागद एकदाच बदलता येईल.

इंदुताईंनी हे सीताबाईंना समजावून सांगितलं. म्हातारीनं नीट ऐकून घेतलं, पदर खोचला आणि कात्री उचलली.

मग शेडमध्ये जी धांदल उडाली ती बघायला डेपोतले हमाल काम सोडून आले. कापणाऱ्या कापत होत्या, काढणाऱ्या काढून मधल्या टबात टाकत होत्या, आणि रीना काट्यावर. एकटी. एकेक पिशवी तिच्या हाताखालून जात होती आणि आज तिच्यानंतर कोणाचा हात टबाकडे जात नव्हता. दुपारी भाकऱ्या तशाच गाठोड्यात राहिल्या. तीन वाजून पाच मिनिटांनी चारशेवा डबा बंद झाला. टबात निघाली तेहतीस किलो फुलं. त्यांचे पाच-पाच किलोचे सहा डबे भरले आणि ज्योत्स्नानं कागदावर बरोबर तीस किलो लिहून घेतले. उरलेली तीन किलो हमालांनी वाटून घेतली. त्यातला एक कोरचीकडचा, म्हणजे ह्यांच्याच मुलखातला निघाला, त्यानं तिथंच उभ्या उभ्या मूठभर खाल्ली.

साडेतीनला साहेब आला. उंच, अबोल माणूस. त्यानं आपल्या मनानं दहा डबे वेगळे काढले, त्यातल्या पिशव्या डेपोच्या काट्यावर ठेवल्या. पाच. पाच. पाच. इंदुताई तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होत्या, पण त्यांचं लक्ष देवाकडे नव्हतं, त्या लाल आकड्यांकडे होतं. दहावा डबाही पाच. साहेबानं पुन्हा पाच डबे काढले, बहुधा त्याचाच विश्वास बसत नव्हता. तेही तसेच. मग त्यानं विचारलं की वजन कोणी केलं.

रीना मागं सरकली. इंदुताईंनी तिचा दंड धरून तिला पुढं आणलं.

"हिनं केलं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "आधी बी हिनंच केलं होतं, साहेब, अन् बरोबर केलं होतं. बिघाड आमच्या हाताचा होता. मी हिले सगळ्या गावासमोर बोलली, म्हणून आता सगळ्यासमोर सांगून राह्यली."

साहेबाला ह्यातलं काय कळलं देव जाणे. त्यानं शिक्का मारला. चारला दहा मिनिटं असताना डबे कंटेनरात चढले आणि दार बंद झालं. तेव्हा कुठं सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. रीनानं ओढलेला दंड चोळला आणि कालपासून पहिल्यांदा इंदुताईंशी बोलली. भाकर खाऊन घ्या म्हणाली.

जुलैच्या शेवटी, धानाच्या रोवणीचे दिवस होते, तेव्हा ज्योत्स्नाचा फोन आला. बायका बांधावर जेवायला बसलेल्या. इंदुताईंनी चिखलाचा हात लुगड्याला पुसून फोन मोठ्या आवाजावर टाकला. हॉलंडच्या कंपनीला माल आवडला होता. पुढच्या उन्हाळ्याला त्यांना आठशे डबे हवे होते. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. सीताबाईंनी आठशे म्हणजे किती ते दोनदा विचारून घेतलं आणि रडायला लागल्या. ज्योत्स्ना पुढं म्हणाली, अजून एक आहे. ते सहा डबे त्यांना फुकट नको आहेत, त्यांचा काय भाव लावायचा ते विचारताहेत.

चांगलं गिऱ्हाईक, आपणहून पैसे देतंय, नाही कसं म्हणायचं? आणि हो तरी कसं म्हणायचं? इंदुताईंनी हातातला घास खाली ठेवला.

रीनानं पुढं वाकून फोन जवळ ओढला.

"त्या सहाचा भाव नाई म्हना," ती म्हणाली. "अन् कागदावर आताच लिहून ठेवा, ताई. आठशे डब्यांवर आमचे वरचे बारा येतीन."