परमुलूख

निकिता जर्मनीहून परत आली तेव्हा नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सोसायटीत पहिला प्रश्न आला, "सुट्टीवर?" ती नाही म्हणाली. दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही. कारण ज्याने त्याने आपापलं ठरवून टाकलं. परत येण्याचं खरं कारण साधं होतं. तिथे ज्याच्यावर मराठीत चिडावं असं एकही माणूस तिला मिळालं नव्हतं.

मग तिने कॉलेज रोडला जर्मनचे क्लास काढले. तिकडे न टिकलेली निकिता इथे 'जर्मनीवाल्या मॅडम' म्हणून चांगलीच रुजली. परदेशी निघालेल्या नर्सिंगच्या मुलांना ती व्याकरण शिकवी, मधूनमधून धीरही देई.

मयूर भोये त्यांच्यातलाच. सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यावरचा, नाशिकला हॉस्टेलवर राहून शिकलेला. मराठी बोलतानाही तो आधी मनात वाक्य जुळवतोय असं वाटे. निकिताला त्याची फार काळजी.

"शहरातली मुलंसुद्धा तिकडे रडतात रे. तुला जड जाईल."

"बघू, मॅडम."

तो गेला आणि रमलाही. एकदा व्हिडिओ कॉलवर दिसला तो थेट तिथल्या गावच्या बँडच्या गणवेशात, हातात भलंमोठं पितळी वाद्य.

"अरे, आठवण येत नाही का?"

"घराची येते."

"आणि नाशिकची?"

"इथे मी चुकीचं बोललो तर लोक सुधारून सांगतात, मॅडम. नाशिकला हसायचे."

निकिताला राग आला. कुणाचा, ते मात्र तिला ठरवता येईना.

पुढच्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर यायचा होता. नव्या बॅचशी बोलायला ये, असा तिने आग्रह धरला. तो म्हणाला, नाशिकला मी फक्त बस बदलायला उतरणार आहे. शेवटी तीच चिवडा घेऊन जुन्या सीबीएस स्टँडवर गेली. मयूरला घ्यायला त्याची आई मंगलाबाई आली होती. तिने निकिताचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही पोरासाठी लय केलं. परमुलखात एकट्यानं दिवस काढायचे म्हंजी सोपं नाय. बोलाया माणूस नाय, जेवण गोड लागायचं नाय. फोनवर लय रडायचा."

"मला कधी बोलला नाही," निकिता हळहळली. "जर्मनीत सगळ्यांचंच असं होतं."

"तिकडं कशाला रडंल? मी नाशकाचं सांगते."

"आई, चल, बस लागली," मयूर घाईघाईने म्हणाला आणि बॅगा उचलून निघाला. जाताना त्याने निकिताला वाकून नमस्कार केला. मंगलाबाई खिडकीतून हात हलवत ओरडली, "या की आमच्याकडं! करमंल तुम्हाला!"

बस गेली तरी निकिता तिथेच उभी होती. बाकावरच्या एका बाईने आपली पिशवी सरकवून जागा केली आणि विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या?"

"मी इथलीच आहे," निकिता म्हणाली, आणि ते गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच निघालं.