रिकामा न परतलेला डबा

मी एक जुना पितळी डबा आहे. झाकणाला कडी, पोटाला एक पोचा आणि तळाला कोरलेलं 'अ' हे अक्षर, एवढीच माझी ओळख. झाशीच्या मानिक चौकात एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. तेव्हा त्याचा फार राग येई. आता वाटतं, बरं झालं, चांगला मजबूत झालो.

मला विकत घेतलं अनुसूयाबाईंनी, आपल्या पहिल्या कमाईतून. यजमान गेल्यावर त्यांनी सीपरी बाजारात एक गाळा भाड्याने घेतला आणि पुरणपोळ्या, चकल्या, अनारसे करून विकायला सुरुवात केली. त्यांचं घराणं सात-आठ पिढ्या झाशीतलं, पण गिऱ्हाइकं हिंदी बोलणारी. ती पुरणपोळीला खुशाल 'मीठी रोटी' म्हणत. बाईंच्या कपाळाला आठी पडे, पण पोळ्या हातोहात खपत, म्हणून त्या गप्प बसत.

पंधरा वर्षांपूर्वी साताऱ्याची मेघना रेल्वेच्या ऑफिसात कारकून म्हणून बदलून आली आणि प्रेम नगरात एकटीच राहू लागली. एकदा बाजारातून जाताना तिच्या कानावर मराठी पडलं. अनुसूयाबाई डाळ करपली म्हणून स्वतःलाच बोल लावत होत्या. मेघना तिथेच थबकली. त्या संध्याकाळी बाईंनी चार पोळ्या घालून मला तिच्या घरी धाडलं. दुसऱ्या दिवशी मी परतलो तो पोटात वाटीभर साखर घेऊन. कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये, ही आपली जुनी रीत. साखर पाहून बाई म्हणाल्या, पोरगी वळणाची आहे.

तेव्हापासून मी त्या दोघींच्या मध्ये सारखा ये-जा करत राहिलो. पुढे स्टीलचे डबे आले, मग प्लास्टिकचे आले आणि गाळ्यातून माझी उचलबांगडी झाली. कल्हई उडाली, अंग काळं पडलं. पण सीपरी बाजार ते प्रेम नगर हा मान माझाच राहिला. मी नक्की कुणाचा, हे त्या दोघी विसरूनही गेल्या होत्या.

मित्रांनो, आता जरा अवघड भाग सांगतो. गेल्या उन्हाळ्यात अनुसूयाबाईंना स्तनाचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि नंतर ग्वाल्हेरला जाऊन सहा वेळा किमो घ्यायला सांगितली. काही खर्च सरकारी कार्डावर भागला. पण बाहेरची औषधं, गाळ्याचं भाडं आणि मुलीची, कश्मिराची, कॉलेजची फी कुठल्याच कार्डावर भागत नव्हती. बाई पोळ्या लाटत तेव्हा पैसा येई. लाटणं थांबलं, पैसाही थांबला.

मेघनाने दोनदा पैसे पुढे केले. दोन्हीदा बाईंनी तिचा हात अलगद मागे सारला. आजवर कुणापुढे हात पसरला नाही, आता या वयात पसरायचा का, असं त्या म्हणाल्या. मग मेघनाने एक युक्ती केली. साताऱ्याच्या घरावर एक खोली चढवायची म्हणून ती पैसे साठवत होती. त्यातल्या नोटा पिशवीत गुंडाळून तिने माझ्या तळाशी ठेवल्या, वर कागद घातला आणि त्यावर नारळाचे लाडू रचले. ताईंना माझे लाडू आवडतात, चार दिवसांत तळ दिसेल, असा तिचा हिशेब.

पण किमोने बाईंच्या तोंडात फोड आले होते. त्यांना पेजसुद्धा गिळवत नव्हती, तिथे लाडू कोण खाणार? मी ओट्यावर बंदच राहिलो. पैसे पोचले, ताई संकोचाने बोलत नाहीत, असं समजून मेघना गप्प. मेघनाने पैशांचा विषय सोडून दिला, असं समजून बाई गप्प. दोघीही मानी! आणि एका सकाळी बाईंनी माझ्यासमोर उभं राहून ग्वाल्हेरला फोन लावला. चौथ्या किमोला आत्ता येत नाही, दिवाळीच्या ऑर्डरी करते, चार पैसे जमले की बघू, असं सांगितलं. डॉक्टरीणबाई पलीकडून समजावत होत्या, खंड पडला तर धोका आहे. बाईंनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

पैसे माझ्या पोटात होते, मित्रांनो. हातभर अंतरावर. आणि मला वाचा नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतका कधी तळमळलो नव्हतो.

शेवटी रीतच कामी आली. काम सुरू करण्याआधी मेघनाचा डबा परत धाडावा, असं बाईंच्या मनात आलं. रिकामा कसा धाडायचा, म्हणून त्यांनी कश्मिराला साखर काढायला सांगितली. कश्मिराने माझं झाकण उघडलं आणि नाकाला ओढणी लावली.

"आई, लड्डू तो सारे खराब हो गए," ती म्हणाली. "और नीचे कुछ रखा है."

नोटा पाहून बाईंनी डोक्याला रुमाल बांधला आणि मला छातीशी धरून रिक्षाने थेट प्रेम नगर गाठलं. मेघनाने दार उघडताच त्यांनी मला तिच्यापुढे केलं. आत नोटा होत्या आणि त्यांवर साखर.

मेघनाने मला हातात घेतलंच नाही. ती म्हणाली, "ताई, मी आजारी पडले तर रजा टाकून घरी झोपते आणि पहिल्या तारखेला माझा पगार होतो. तुमचं लाटणं थांबलं की सगळंच थांबतं. हा कुठला न्याय? तुम्ही बऱ्या होईपर्यंत तुमचा पगार माझ्याकडून."

"आणि मी काय देऊ तुला?"

"डबा रिकामा धाडू नका, म्हणजे झालं."

बाई रडल्या. मी त्यांना रडताना प्रथमच पाहिलं. दोनच दिवसांनी मेघना त्यांना घेऊन ग्वाल्हेरच्या गाडीत बसली.

दिवाळीत मेघनाने रजा काढली आणि कश्मिराला हाताशी घेऊन चकल्या पाडल्या. त्या तुटून तुटून पडल्या. मग त्यांनी तुकडेच 'चकली नमकीन' म्हणून विकले. सीपरी बाजाराने ते आवडीने खाल्ले!

दर पहिल्या तारखेला मी पगार घेऊन जात असे. परतताना कधी माझ्यात एक लिंबू असे, कधी तुळशीची चार पानं. एका महिन्यात बाईंनी आपला कंगवा घालून दिला, सोबत चिठ्ठी: 'मला सध्या लागत नाही, तू वापर.' मेघना हसता हसता डोळे पुसत होती. देणाऱ्या हाताचं मला कौतुक आहेच, पण अंगात त्राण नसताना डबा रिकामा न धाडणाऱ्या त्या हाताचं त्याहून जास्त आहे.

फाल्गुनात डॉक्टरांनी उपचार पुरे झाल्याचं सांगितलं. होळीला बाईंनी मला चिंचेने घासलं, मानिक चौकात नेऊन कल्हई करून घेतली आणि तीन पुरणपोळ्या घालून धाडलं. पोळ्या जाड होत्या, एक तर करपली होती. मेघनाने ती करपलेलीच आधी खाल्ली.

पुढच्या पहिल्या तारखेला मी पुन्हा सीपरी बाजारात आलो. बाईंनी झाकण उघडलं. आत नोटा नव्हत्या. वाटीभर साखर होती, नुसती साखर, पंधरा वर्षांपूर्वी होती तशीच. बाईंनी चिमूटभर तोंडात टाकली, डोळे मिटले आणि लाटणं हातात घेतलं.

मित्रांनो, जुनी भांडी मोडीत घालू नका. अधूनमधून घासा, कल्हई करा. आणि कुणी प्रेमाने डबा धाडला तर तो तसाच ठेवून देऊ नका. लगेच उघडा. आम्हाला बोलता येत नाही.