बंदराच्या दारातली लायर

तिमारेताने बाकल्याच्या शेंगेतले दाणे न चावताच गिळले. जन्मात पहिल्यांदा. ती ज्यात वाढली त्या सूर आणि गणित मानणाऱ्या संघाच्या लोकांच्या लेखी बाकल्यात मेलेल्यांचे जीव असतात. तो खाणं म्हणजे आपल्याच गेलेल्या माणसांना दाताखाली धरणं. पण परवा गावकऱ्यांनी संघाचं घर आतल्या माणसांसकट पेटवलं होतं, आणि आता बंदराच्या दारात पहारेकरी प्रत्येकाला मूठभर बाकला खायला लावत होते. नाही म्हणेल तो संघाचा. त्याला तटाच्या पलीकडे नेत, आणि तिकडून कोणी परत आलेलं तिने पाहिलं नव्हतं. ‘आई, माफ कर,’ असं ती गेलेल्या आईला मनात म्हणाली. चेहरा मात्र हलू दिला नाही.

तिच्या वडिलांनी, खारिलासने, तो मिटक्या मारत खाल्ला. त्यांची स्मृती वर्षभरापूर्वी गेली होती. एके काळी या माणसाने अर्ध्या गावाच्या पोरांना तारेवर बोट ठेवून शिकवलं होतं, की सूर एकास दोन, दोनास तीन अशा मापांतून निघतो, जग त्याच मापांवर चालतं आणि जीव म्हणजे देहाचा लागलेला सूर. आता त्यांना लेकीचं नावही सांगता येत नव्हतं.

“बाबा, आता कुणाशी बोलायचं नाही हं,” ती त्यांच्या कानाशी म्हणाली.

“जेवायला कधी?”

“बोटीवर. रेगिओनला जातोय ना आपण.”

रांग पुढे सरकली. मिकोन नावाचा पहारेकरी जळक्या घरातून उचललेली लायर, ते हातात धरायचं तारांचं वाद्य, घेऊन उभा होता.

“बाकला काय, जिवाच्या भीतीने कुणीही खाईल,” तो सोबत्याला सांगत होता. “ही लोकं उठल्या उठल्या तोंडातून शब्द काढायच्या आधी वाद्य लावतात. बेसूर यांना सोसत नाही. बघ गंमत.”

त्याने तारा मुद्दाम उतरवून ठेवल्या होत्या. रांगेत तिमारेताच्या पुढे एक कुंभार होता, त्याच्या कानाशी त्याने सगळ्या तारा एकदम छेडल्या. कुंभाराने डोळे गच्च मिटले. एवढंच. त्याला दोघांनी दंडाला धरून तटापलीकडे नेलं.

 मिकोन तिमारेतासमोर आला तेव्हा तिने जीभ दातांत धरली. तो आवाज दाढेतल्या कळेसारखा डोक्यात गेला, पण ती बावळट चेहरा करून मिकोनकडे बघत राहिली. “गाणं येतं वाटतं दादांना,” ती म्हणाली. मिकोन हसला. “चल, हो पुढे.”

मग तो खारिलासकडे वळला. त्याने तारा छेडल्या, आणि म्हाताऱ्याने एखाद्या ढ विद्यार्थ्याच्या हातून घ्यावी तशी लायर त्याच्या हातून काढून घेतली.

“कुणी लावली रे ही, गाढवा?”

तिमारेताला ओरडायचं होतं.  बाबांनी लाकडाला कान लावला, खुंटी पिळली, ऐकलं, पुन्हा किंचित पिळली. दोन तारा जुळल्या, मग तिसरी. त्यांच्या कपाळाची आठी उकलत गेली, लोंबता ओठ मिटला. वर्षापूर्वीचा चेहरा तिच्यासमोर परत येत होता, आणि तो येऊ नये म्हणून ती मनातल्या मनात देवांच्या पाया पडत होती.

“सापडला की म्हातारबा,” मिकोन म्हणाला. “आणि ही बाई कोण तुझी? मघापासून हात धरून उभी होती.”

मुलगी म्हटलं तर दोघंही तटापलीकडे. कोणी नाही म्हणायला जीभ रेटेना. तिला जगायचं होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

खारिलासने मान वर केली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. वर्षभरात त्यांच्या तोंडून धड दोन वाक्यं सलग निघाली नव्हती.

“ही? मी नाही ओळखत. वाटेत रडत उभी होती, म्हटलं चल. बाकला खाल्लान् ना हिने? मी खाल्ला, माझी अक्कल गेलेली. पण माझी लेक मेली असती, तरी तिने तो तोंडात घातला नसता.”

मिकोनने क्षणभर विचार केला. त्याला पटलं.

“जा बाई,” बाबा म्हणाले. “तुझी बोट सुटेल.”

ती चालू लागली.  मागे वळून पाहायची हिंमत तिला झाली नाही.

“चल, म्हातारबा.”

“थांब रे. एक तार राहिलीय.”

बोटीच्या फळीवर पाय ठेवताना तिला ती तार ऐकू आली. आधी थोडी खाली होती, मग चढत चढत बरोबर जागेवर येऊन थांबली. नावाड्याने विचारलं, “एकट्याच का?”

“एकटीच,” ती म्हणाली आणि आत जाऊन बसली.