नऊ नंबरची होडी

आमच्या सॉयर तळ्यावर जूनच्या शेवटच्या शनिवारी होड्यांची स्पर्धा असते. प्रत्येक होडीत दोन माणसं. एकाने वल्ही मारायची, दुसऱ्याने गळ टाकायचा. दुपारी बाराची घंटा होण्याआधी एक बास आणि एक ट्राउट असे दोन मासे घेऊन धक्क्यावर यायचं. दोन्ही हवेत. नुसते बास आणले, ते कितीही मोठे असले, तरी मोजमाप घेणारा रोस्को पेल्की म्हणतो, "छान आहेत. आता जेवायला जा."

अवघड आहे ते यासाठी की हे दोन मासे शेजारी राहत नाहीत. बास काठाला असतो, लव्हाळ्यात, दगडांच्या सावलीत. ट्राउटला गारवा लागतो. जून संपत आला की तो मधल्या खोल पाण्यात जातो आणि तिथून हलत नाही.

होडीच्या नाकावर नंबर असतो. तो विकत मिळत नाही. सलग दोन वर्षं ज्या होडीने जोडी आणली नाही तिचा नंबर काढून पुढच्याला देतात, आणि वाट पाहत बसलेले लोक पुष्कळ आहेत. आमचा नंबर नऊ. तो माझ्या बायकोने, आयोनाने, स्वतः रंगवला होता. त्या नऊचं डोकं मोठं झालंय आणि तो मागे कलंडलाय, भरपेट जेवून खुर्चीत रेललेल्या माणसासारखा. "पुसून परत काढू का?" असं तिने विचारलं होतं. मी नको म्हटलं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, तळ्यावरचं बर्फ फुटायच्या आत, आयोना गेली. त्या जूनमध्ये मी होडी पाण्यात घातलीच नाही. म्हणजे यंदा जोडी आणली नसती तर नऊ नंबर गेला असता.

आता खरी अडचण सांगतो. स्पर्धेत मासे ती पकडायची. मी फक्त वल्ही मारायचो. ती मागच्या फळीवर माझ्याकडे पाठ करून, पाण्यात सोडलेल्या दोरीकडे बघत बसायची. इतकी वर्षं मी तिची पाठ, तिची तपकिरी टोपी आणि टोपीखालून सुटलेले केस पाहिले. ती म्हणायची तिकडे जायचं, थांब म्हणाली की थांबायचं. डोकं चालवायची मला गरजच पडली नाही.

मे महिन्यात ओपल थिबोडो दारात आली. तिची होडी चार नंबरची. आयोनाची ती जिवाभावाची मैत्रीण, आणि या एका शनिवारपुरती वैरीण. तिच्या नवऱ्याच्या, क्लिफर्डच्या, गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं.

"यंदा क्लिफर्ड वल्ही मारत नाही," ती म्हणाली. "माझा नंबर सुरक्षित आहे, गेल्या वर्षी जोडी आणलीय. मी तुझ्या होडीत बसते."

"तुझे उपकार फार होतील, ओपल."

"उपकार कसले? मला बघायचंय ती बाई ट्राउट कुठून काढायची ते. क्लिफर्डला मी कितीदा तुमच्या मागे पाठवलं. तुम्ही तिथेच, आम्ही तिथेच. तुम्हाला मासा, आम्हाला ऊन."

"मला खरंच माहीत नाही गं."

"तू होडीत होतास ना, वेंडल? का गॅलरीत बसून बघत होतास?"

माझ्यावर तिचा विश्वास बसला नाही. माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. एकदा मी बासची एक चांगली जागा किराणा दुकानात बोलून गेलो, तर दुसऱ्या दिवशी तिथे होडीला होडी घासत होती. त्या रात्री आयोनाने बीन्स वाढल्या, त्या थंड होत्या.

शनिवारी पहाटे मी पिशवी भरली. थर्मास आणि पत्र्याचे दोन कप. माझा पांढरा, तिचा निळा. हात आपोआप दोन्हींकडे गेले. माझा कप आतून काळपट तपकिरी झालाय, घासला तरी निघत नाही. तिचा निळा अगदी नव्यासारखा. बाई टापटिपीची होती, असं म्हणून मी दोन्ही पिशवीत टाकले.

बास लगेच मिळाला. लव्हाळ्याच्या टोकाला ओपलने बेडकासारखं दिसणारं रबरी आमिष पाण्यावर टाकलं, दोनदा फुदकवलं, आणि पाणी असं फुटलं जसं कुणी वीट टाकली. मासा उडाला, बुडाला, होडीखाली शिरला. ओपल त्याला उद्देशून क्लिफर्डला देते त्या सगळ्या शिव्या देत होती. मी जाळी धरली. चांगला जाडजूड बास होता. तो होडीतल्या पाण्याच्या टाकीत सोडला आणि आम्ही आत, खोल पाण्याकडे निघालो.

ट्राउटसाठी आयोनाच्या डब्यातला पितळी चमचा लावला. म्हणजे चमच्यासारखा वाकवलेला पत्रा, मागे गळ. दोरीत शिसं असतं, त्यामुळे ती खोल जाते. होडी हळू ओढत राहायची, चमचा मागून लुकलुकत येतो. करायचं एवढंच. मी आयोनाच्या चालीने वल्ही मारत होतो. ती चाल माझ्या खांद्यांना पाठ आहे. पण मासा नाही. इकडून तिकडे, तिकडून इकडे. ऊन चढलं. ओपल मागच्या फळीवर बसली होती, आणि तिची पाठ आयोनाच्या पाठीपेक्षा बरीच रुंद असल्यामुळे मला काही भास वगैरे झाला नाही. त्याचं बरंच वाटलं.

"जरा थांबून कॉफी घेऊ का?" मी विचारलं.

"घंटेला तासभरसुद्धा राहिला नाही आणि तुला कॉफी सुचतेय? मार वल्ही."

मी मारली. मला त्या कलंडलेल्या नऊवर दुसऱ्याचा रंग फिरताना दिसायला लागला होता. आयोनाचे कपडे मी मुलीला दिले, तिची खुर्ची शेजारी दिली. त्याचं मला एवढं काही वाटलं नव्हतं. हा एक नंबर मात्र सुटत नव्हता.

तळ्यात एक खडक आहे. कुठला ते सांगत नाही. तो उजव्या हाताला आला आणि माझ्या हातांनी मला न विचारता वल्ही वर घेतली. होडी सरकत सरकत थांबली.

"हे काय?" ओपल वळली. "थांबलास का?"

"इथे आम्ही कॉफी घेतो."

"वेंडल, देवाशपथ सांगते, मी तुला त्या थर्माससकट..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. गळाची काठी वाकली, दोरीचं रीळ करकरलं, आणि ओपल गुडघ्यांवर आली. मासा खाली जात होता, बासासारखा उड्या मारत नव्हता, नुसता खाली. मला करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी आयोनाच्या वेळी करायचो तेच केलं. होडीचं नाक वाऱ्याकडे धरलं आणि गप्प बसलो. बऱ्याच वेळाने खालून एक फिकट कूस वर आली, ठिपक्यांची, लांब. जाळीत तो वाकडा करून बसवावा लागला.

ओपल टाकीजवळ बसून धापा टाकत होती. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडायला लागलं.

"थांबलं की चमचा बुडतो," ती म्हणाली. "ओढताना तो वरून जातो. थांबला की गिरक्या घेत खाली, थेट त्यांच्या तोंडापुढे. इथे तळाला खड्डा असणार, गार पाण्याचा. वेंडल, ती दर वर्षी इथेच थांबायला सांगायची?"

"हो. कॉफीसाठी. स्पर्धेआधीच्या आठवड्यातसुद्धा, रोज संध्याकाळी."

"ती कॉफी प्यायची?"

"तिचा कप असायचा की. हा निळा."

"अरे, पन्नाशीत तिच्या पोटाने कॉफी सोडली. माझ्याकडे आली की पुदिना उकळून प्यायची."

"घरीही पुदिनाच घ्यायची. पण होडीत..." मी थांबलो. होडीत मला तिची पाठ दिसायची. मी निळा कप घेतला, आत पाहिलं. एक डाग नाही.

ओपल हसायला लागली. इतकी हसली की होडी हलायला लागली. "ओतून देत होती ती. तुला थांबवायला तुझ्या हातात कप द्यायची आणि स्वतःचा पाण्यात ओतायची. ट्राउट कॉफी पिऊन मोठे झालेत इथले."

"मला सांगायचं नाही का तिने?"

"तुला? संध्याकाळपर्यंत दुकानात कळलं असतं."

मग मीही हसलो. गेल्या वर्षीच्या एप्रिलनंतर इतका हसलो नव्हतो, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. ओपलने मान दुसरीकडे केली आणि टाकीतल्या माशांशी बोलत बसली. जरा वेळाने मी दोन्ही कपांत कॉफी ओतली. तिने निळा घेतला आणि खरंच प्यायली.

"आता तुलाही जागा कळली," मी म्हणालो.

"कळली. पुढच्या वर्षी क्लिफर्डचा गुडघा बरा झाला की बघते तुझ्याकडे."

"माझ्या होडीत कोण बसणार मग?"

"ते तुझं तू बघ. थर्मास मात्र मोठा घे."

घंटेच्या थोडं आधी आम्ही धक्क्याला लागलो. रोस्कोने ओल्या फळीवर बास मोजला, ट्राउट मोजला, दोन्ही पाण्यात सोडले, आणि होडीच्या नाकाकडे बघून म्हणाला, "नऊ राहिला." मग धक्क्यावरचे लोक जवळ सरकले. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण आता वेंडल बोलणार हे प्रत्येकाला माहीत होतं.

"कुठे लागला रे ट्राउट?" रोस्कोने विचारलं.

जिभेच्या टोकावर आलं होतं. ओपल माझ्या मागे उभी होती. तिने खाकरून घसा साफ केला.

"खरं सांगू?" मी म्हणालो. "आम्ही कॉफी पीत होतो, लक्षच नव्हतं."

कुणाचाही विश्वास बसला नाही. मी दोन्ही कप विसळून पिशवीत ठेवले. निळ्याच्या तळाशी एक बारीक तपकिरी रेघ आली होती. ती मी तशीच राहू दिली.