दुसरी बॅटरी

मेकॅनिक सुहासने सायकल उलटी करून जमिनीवर टेकवली आणि मोटर बसवलेलं मागचं चाक चालू केलं. चाक गर्रकन फिरायला लागलं तसा केरबा दोन पावलं मागे सरला.

"आगं बया! ही काय माझ्या लेकीला घिऊन आभाळात जाती का काय?"

"खंडाळ्यापर्यंत गेली तरी पुष्कळ, आबा," यशोधरा हसत म्हणाली.

हसली खरी, पण तिला घाई होती. खंडाळ्याच्या हॉटेलात रिसेप्शनवर लागून फार दिवस झाले नव्हते, आणि तेवढ्यात उशिरावरून मॅनेजरची बोलणी खाऊन झाली होती. आता पुन्हा उशीर झाला तर येऊ नका, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. सकाळची पाळी असली की पहाटे अंधारात निघायचं, दुपारची असली की परतायला रात्र. लोकल गाठायची तर आधी तळेगावला पोचायला हवं, आणि इंदुरीतून तेवढ्या पहाटे वाहन कुठलं मिळायला? शिवाय लोकल जाते ती लोणावळ्यापर्यंतच. म्हणून थेट खंडाळ्यापर्यंत न्यायला ही सायकल. नोकरीही टिकवायची आणि रोज बापाजवळ घरीही यायचं, असा तिचा हट्ट. आई गेल्यापासून घरात दोघंच होती.

"ताई, एक बॅटरी घातली तर सायकल हलकी राहील, जोरात पळेल," सुहास म्हणाला. "पण कामशेतची चढण, पुढं लोणावळा... खंडाळ्यात पोचेस्तोवर ती संपणार. परत यायचं तर तिथं चार्ज करावी लागेल."

"तिथं नाही होणार. म्हणून तर दोन सांगितल्या."

"एवढं मोठं हॉटेल आणि एक प्लग देत नाहीत?"

"नियम आहे त्यांचा. स्टाफच्या खोल्यांत राहतात त्यांनाच..."

यशोधरा मध्येच थांबली आणि उगाचच कॅरिअरचा नट चाचपायला लागली. केरबाला कमी ऐकू येतं असं सगळं गाव म्हणतं. पण नको ते त्याला बरोब्बर ऐकू येतं.

"खोल्या हायेत तितं?"

"आहेत."

"तुला देत्यात?"

"विचारलं होतं. मी नको म्हटलं. तुमच्या जेवणाखाण्याचं कोण बघणार?"

"मी काय तान्हा हाय? भाकरी येती मला. करपली तर करपली."

केरबा भिंतीला टेकला.

"अंधाराची हायवेनं येनार तू. आन् तू येस्तवर मी जीव मुठीत धरून वट्यावर बसनार. ह्ये काय खरं न्हाई. सुहास, एकच बसव. जायापुरती."

"आबा, तुम्ही गप बसा बरं," यशोधरा म्हणाली.

"न्हाई बसत. तितंच ऱ्हा तू. मला बरं वाटंल आसं न्हाई म्हनत. लय सुनं वाटंल. पर ऱ्हा."

यशोधराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रागावल्यासारखं तोंड करून तिने ते ओढणीने पुसलं. सुहास दुसरी बॅटरी हातात धरून तसाच उभा होता. बापलेकीच्या मध्ये बोलावं की नाही, त्याला कळेना.

"मग ही परत ठेवू का, ताई?"

"नको," ती म्हणाली. "राहते मी तिथं. पण ही आमच्या घरी राहू दे. कधी लवकर सुटले, मनात आलं, की मी येईन खाली. यांच्यासोबत जेवेन, ही भरलेली बॅटरी लावेन आणि परत जाईन. चार्जिंगचं काम आबांचं."

"म्या? आन् झटका बसला म्हंजी?"

"काही होत नाही, आबा." सुहासने चार्जर काढला. "ही पिन इथं. लाल दिवा म्हणजे भरतेय. हिरवा झाला की भरली."

केरबाने पिन घातली, काढली, पुन्हा घातली. लाल दिवा लागला.

"आन् ही रोज बघाया लागंल?"

"रोज कशाला? एकदा भरली की पुढचे काही दिवस हात लावायचं काम नाही."

"त्ये तुजं खरं रं," केरबा म्हणाला. "पर लेक न सांगता आली तर?"