फोटोवाल्या बाईंची आंघोळ

आजोबांनी गाल फुगवून श्वास धरला होता तो सोडायचं नावच घेईनात. डोळे बाहेर यायच्या बेताला आले, तरी हातानं नुसती खूण, ‘सोडू का?’

“सोडा हो, सोडा! फोटो कधीचा झाला. जीव जायचा एखाद्याचा अशानं!”

फुस्सदिशी श्वास सोडून आजोबांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. “खिडकी कुठंय? ती किरणं तेवढी बाहेर जाऊ द्या.”

“गेलीसुद्धा.”

“गेली कुठनं? दार तर बंद आहे.”

फोटोवाल्या बाईंनी भिंतीवरचा दिव्याचा खटका बंद केला. खोलीत काळोख झाला. “आता तुम्ही सांगा. उजेड कुठल्या दारानं गेला?”

काळोखात आजोबांनी बराच विचार केला. “पटलं तुमचं. पण दिवा लावा बाई, माझ्या चपला सापडत नाहीयेत.”

दवाखान्यातल्या या एक्स-रेच्या खोलीत बाईंची उभी हयात गेली. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच, बाकी लहानथोरांना त्या फोटोवाल्या बाई. माणसं येत ती हाडांपेक्षा शंकाच जास्त घेऊन येत. पिशवीतला डबा आता खायचा की टाकायचा? तुमच्या छातीवरची ती पट्टी किरणं अडवते का? बाई सांगत, “अडवत नाही हो, नुसती मोजते. माझ्या अंगावर किती पडली त्याचा हिशेब तिच्याकडे.” कुणाला हसून, कुणाला दटावून त्या समजावत आणि माणसं निर्धास्त होऊन घरी जात.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात ते काही खोटं नाही. बाईंच्या घरी बाळ आलं होतं, पहिलं नातवंड, आणि बाईंनी त्याला अजून मांडीवर घेतलं नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी त्या हात पुढे करून गेल्या, तर सूनबाईंनी दुपटं घट्ट ओढून घेतलं. पोर वाईट नव्हती. तिला बोलताना घामच फुटला होता. “आई, राग मानू नका. पण तुम्ही दिवसभर त्या किरणांत असता... आणि हे इतकं इवलंसं.”

“अगं, किरणं म्हणजे काय पीठ आहे अंगाला चिकटायला?” बाई हसत म्हणाल्या. “उजेडाचाच थोरला भाऊ तो. अंगात ताकद जास्त, म्हणून मांसातून आरपार जातो आणि हाडापाशी अडतो. वाईट करायचं ते अंगावर पडेल तेवढा वेळ. आणि मी तेव्हा भिंतीमागे असते. खटका सुटला की खेळ खलास.”

सूनबाईंचे हात जरा सैल झाले. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता.

“आई, मग तू आंघोळ का करायचीस?”

“कसली आंघोळ?”

“दवाखान्यातनं आलीस की. मी धावत यायचो आणि तू ओरडायचीस, थांब, हात लावू नकोस, अंगावर किरणं आहेत. न्हाणीच्या दाराशी बसून राहायचो मी. रोज.”

बाईंच्या सासूबाईंचा तो हट्ट होता. म्हातारीशी कोण हुज्जत घालणार, घरात शांतता राहते ना, मग दोन तांबे पाणी जास्त गेलं म्हणून बिघडलं कुठं, असं म्हणून बाई निमूट न्हाणीत शिरत. अंगाला काही चिकटत नाही हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं. पोराला मात्र त्यांनी म्हातारीचंच वाक्य ऐकवलं. साऱ्या गावाला शहाणं केलं आणि घरचं एक लेकरू तेवढं राहिलं. दारावर बारक्या मुठीची टकटक, “आई, झालं?” आणि आतून आपला आवाज, “थांब जरा!” त्या रात्री बाई उशीत तोंड घालून रडल्या. आता कुठल्या तोंडानं समजावणार? दुसऱ्या दिवसापासून त्या घरी येत, आंघोळ करत आणि उंबऱ्यातूनच बाळाशी बोलत. बाळ त्यांच्या आवाजाकडे मान वळवायला लागलं होतं.

मग बाळाला खोकला झाला. ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, छातीचा फोटो काढून घ्या.

सूनबाई बाळाला छातीशी धरून बाईंच्या खोलीत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. “आई, याला काही होणार नाही ना?”

“उगाच हौस म्हणून कधी काढू नये. गरज आहे म्हणून काढायचा. आणि एका फोटोला किरणं लागतात फार थोडी.” बाईंनी तिच्या अंगावर शिशाचा जड एप्रन बांधला. बाळाला धरायला कुणीतरी हवं होतं. बाईंचे हात शिवशिवले. पण रोजच्या माणसानं धरायचं नाही, घरच्यानं धरायचं, हा नियम नव्या पोरींना त्यांनीच घोकून घेतलेला. “तूच धर. त्याचे हात असे कानांपाशी. रडलं तर रडू दे. रडताना छाती भरून येते, तेव्हाच मी खटका दाबते.”

मुलगा बाहेर थांबला. बाई काचेमागे गेल्या. बाळानं टाहो फोडला, मग पुढच्या रडण्यासाठी पोटभर श्वास ओढला, आणि बाईंनी खटका दाबला. पडद्यावर छाती उमटली. बाई डॉक्टर नव्हत्या, पण एवढं आयुष्य त्यात गेलेलं. फुप्फुसं स्वच्छ दिसत होती. त्यांचा जीव भांड्यात पडला.

“झालं गं!”

ते ऐकायलाही सूनबाई थांबली नव्हती. तिनं बाळाला उचललं होतं आणि त्याच्या कपाळाचे, कानांचे, उघड्या छातीचे ती मुके घेत सुटली होती.

मुलगा आत आला तो तिथंच उभा राहिला. “अगं,” तो हळूच म्हणाला, “आत्ता तर त्याच्या छातीतूनच गेली ना किरणं?”

सूनबाई थबकली. “माझ्या ध्यानातच आलं नाही,” ती म्हणाली. तिनं बाईंकडे पाहिलं. बाईंना कितीतरी बोलता आलं असतं. त्या एप्रनच्या गाठी सोडायला पुढे झाल्या, इतकंच.

“राहू द्या तो,” सूनबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तिनं बाळ पुढे केलं. “आई, घ्या ना.”

बाईंचे हात पुढे झाले आणि मध्येच अडले. “थांब हं, मी आधी जरा...” त्या नळाकडे वळल्या.

मुलगा वाटेत उभा राहिला. चांगला दरवाजाएवढा उंच माणूस, पण आवाज पार बारका झालेला. “आई, नको ना आता आंघोळ.”

बाईंनी बाळ घेतलं. ते रडायचं थांबलं, हुंदका देत त्या ओळखीच्या आवाजाचं तोंड बघू लागलं आणि मग छातीवरची पट्टी मुठीत धरून ओढायला लागलं.

बाहेरून कुणीतरी दारावर टकटक केली.

“थांबा जरा!” बाई आतून ओरडल्या, आणि मोकळ्या हातानं त्यांनी मुलाला जवळ ओढलं.