न फोडलेली जोडी

"दत्तोबा, काल ब्रेकचं जुनं लायनर काढलंस न्हवं? फोडलंस का ते?" सकाळी कोथिंबीर न्यायला आलेल्या मैनुद्दीनभाईचा पैला सवाल ह्यो.

मी जुड्या बांधत व्हतो. हसूच आलं. म्हनलं, "भाई, दुकान गेलं, पर तुमचा हातोडा काय सुटंना."

मांजरी गावात पंचवीस वर्सं भाईंचं मोटारसायकलीचं दुकान व्हतं. गाडीबी तेच इकायचे, पार्टबी तेच द्यायचे. नवा पार्ट देताना जुना मागून घ्यायचे आन गिऱ्हाइकादेखत हातोड्यानं त्याचा चुरा करायचे. आमी फिदीफिदी हसायचो. मग कंपनीला काचंचं मोठं शोरूम पायजे झालं, भाईंच्यानं ते झेपलं न्हाई, दिवाळीला शटर पडलं ते पडलंच. आता कुनी पेठंतनं पार्ट आनतं, कुनी मोबाईलवर मागवतं. मीबी ब्रेकचं लायनर मोबाईलवरच मागवलं, दोन जोड्या. एक काल माज्या हातानं मागच्या चाकात बसवली. जुनी झिजलेली तशीच भंगारवाल्याला दिली.

"तशीच दिलीस?" भाईंचा चेहरा उतरला. "आरं, तीच घासून, वर रंग मारून नव्या डब्यात भरत्यात लोकं! दुसरी जोडी दाव बरं."

मी फळीवरचा डबा काढून दिला. भाईंनी खिळ्यानं खरवडलं. चकचकीत रंगाखाली नुसता गंज. ब्रेक धरनारा वरचा थर नखानं उचकटला, तर भाकरीच्या पापुद्र्यागत सुटून आला.

आसलीच दुसरी जोडी चाकात, आन ती गाडी घिऊन माजी लेक शकू आत्ताच मंडईला निघालेली. मागं कोथिंबिरीची दोन पोती. वाटंत रेल्वेच्या पुलाचा उतार.

फोन लावला. वाजतोय, पर उचलंना. परत लावला. "उचल गं बये, उचल की!"

"बस मागं," भाईंनी स्कूटरला किक मारली.

पूल चढंस्तवर मी परत परत फोन लावत व्हतो. समोरनं टँकर आला, डंपर आला, दर खेपंला मी डोळं मिटून घेतलं. उताराखाली रस्त्याच्या कामाचा मुरूम पडलेला, त्यात आमची गाडी तोंड खुपसून व्हती. रस्ताभर कोथिंबीर. शकू कडंला बसलेली, गुडघा रक्तानं माखलेला.

"आबा, ब्रेक लागलाच न्हाई. म्होरं शाळंची बस व्हती, मग मुरमात घातली."

मी तिला उराशी धरलं आन भर रस्त्यात रडलो. कुनाची लाज वाटली न्हाई.

भाईंनी स्कूटरच्या डिकीतनं पाना काढला, चाक उघडलं, लायनर माज्याम्होरं टाकलं. हातोडा न्हवता. मी धोंडा उचलला आन ठेचत सुटलो. बोट फुटलं तरी ठेचत व्हतो.

"बास की आबा," शकू म्हनली. "आता न्हाई बसत ते कुनाच्या गाडीत."

"हे न्हाई बसत गं. पर मी काल दिलेलं?"

त्याला म्हैना झाला. भंगारवाल्याचा भोंगा वाजला की मी हातातलं काम टाकून पळतो, त्याचा गाडा उपसतो. माज्या लायनरला कडंला आडवी चीर हाय, लगीच वळखू येईल. अजून घावलं न्हाई. आतापत्तुर कुनाच्या तरी बापानं ते नवंकोरं म्हनून लेकीच्या गाडीत बसवलं आसंल.